१९९१ ची मियाटा जोर दिला की अडखळते. टर्बो बसवण्याआधी काय काय तपासावे?

ह्युरॉनकाठ

नमस्कार मंडळी. मिशिगनमध्ये घरच्या गॅरेजात मी १९९१ च्या सुरुवातीची माझदा मियाटा ठेवली आहे. १.६ लिटरचे इंजिन, पाच गिअर, कापडी छत, आणि इंजिनात कुणी काही फेरफार केल्याच्या खुणा नाहीत. गाडी टनभरही वजनाची नाही, त्यामुळे ११६ अश्वशक्ती गावातल्या रस्त्यांवर पुरते. तरीही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत छोटा टर्बो बसवावा अशी फार दिवसांची इच्छा आहे, आणि त्यासाठी हिवाळा हाताशी आहे.

अडचण अशी आहे की गाडी सध्याच धड उचलत नाही. सुरू पटकन होते, आयडलला ८५० च्या आसपास स्थिर राहते, संथ चालवली तर तक्रारीला जागाच नाही. पण तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमच्या पुढे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की दोन-तीन आचके देते आणि मग अनिच्छेने वेग घेते. प्लग आणि प्लगच्या वायरी नव्या घातल्या, फरक पडला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल गळून गिअरबॉक्सच्या तोंडाशी साचते. इथल्या एका गॅरेजने क्रँकचे मागचे सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे सांगून मोठा आकडा लिहून दिला आहे. टर्बोचा संच मागवण्याआधी या दोन गोष्टी कोणत्या क्रमाने घ्याव्यात, हे ज्यांनी हे इंजिन स्वतः उघडले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

दहाचा पाना

टर्बोचा संच आत्ता मागवूच नका. जे इंजिन वातावरणाच्या दाबावर नीट श्वास घेत नाही, त्याच्यात दाबाने हवा भरली तर आज जो आचका आहे तोच उद्या पिस्टनला भोक पाडेल. आधी आचक्याचे मूळ शोधू.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे की आयडलला आणि संथ चालवताना काहीच होत नाही. १.६ च्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच झडपेचा एअर फ्लो मीटर असतो. आत येणारी हवा ती झडप ढकलते, झडप किती उघडली यावरून संगणकाला हवेचे प्रमाण कळते आणि तेवढे पेट्रोल सोडले जाते. हा मीटर गाडीच्या सांगाड्याला बांधलेला आहे आणि थ्रॉटल बॉडी इंजिनाला. या दोघांना जोडणारी नळी रेडिएटरच्या मागून आडवी जाते आणि तिचे रबरी भाग चुणीदार असतात. तीस-पस्तीस वर्षांत त्या चुणीच्या तळाशी, वरून पाहताना न दिसणाऱ्या बाजूला, चीर पडते. आयडलला इंजिन स्थिर असते आणि चीर मिटलेली राहते. तुम्ही जोर देता तेव्हा इंजिन माउंटवर एका अंगाला झुकते, नळी पिळली जाते आणि चीर उघडते. मग मीटरने न मोजलेली हवा थेट आत जाते, पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेपुरतेच मिळते.

संथ चालवताना हे का जाणवत नाही? त्या वेळी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण दुरुस्त करत असतो, म्हणून लहानसहान गळती झाकली जाते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की संगणक त्या सेन्सरचे ऐकणे थांबवतो आणि साठवलेल्या तक्त्यावरून पेट्रोल देतो. तिथे चूक झाकणारा कुणी उरत नाही.

तपासायचे असे. नळी दोन्ही टोकांनी सोडवून बाहेर काढा, उजेडासमोर धरा आणि प्रत्येक चुण हाताने ताणून आतून-बाहेरून पाहा. गाडीवर बसलेल्या नळीकडे नुसते पाहून निर्णय घेऊ नका. चालू इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधणारे पुष्कळ आहेत, पण गरम एक्झॉस्ट हातभर अंतरावर असताना मी तो सल्ला देणार नाही. थ्रॉटलच्या पुढची गळती शोधायची असेल तर नळीचे एक तोंड बंद करून दोन-तीन पीएसआय इतकीच हवा भरावी आणि साबणाचे पाणी लावावे. तेवढ्याने बुडबुडे येतात.

नळी चांगली निघाली तरच पेट्रोलच्या दाबाकडे वळा. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची बारीक नळी काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला तर आतला पडदा फाटला आहे.

जाता जाता, पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. याच मीटरमध्ये पेट्रोल पंपाचा स्विचही असतो. झडप हलली तरच पंप चालू राहतो. म्हणून ज्यांची १.६ मियाटा सुरू होऊन लगेच बंद पडते त्यांनी पंप बदलण्याआधी ही नळी निसटली आहे का ते पाहावे.

डर्बीकर

तेलाबद्दल लिहितो. गिअरबॉक्स उतरवायची घाई करू नका. या इंजिनाच्या हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) जवळजवळ टेकलेला कॅम अँगल सेन्सर असतो. ठिणगीची वेळ संगणक त्याच्यावरून ठरवतो. त्याच्या दांड्यावरची ओ-रिंग (रबरी कडी) उष्णतेने कडक होते आणि तिथून तेल झिरपून थेट बेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचावर उतरते. खालून पाहणाऱ्याला ते क्रँकच्या सीलचेच वाटते. इकडे इंग्लंडमध्ये एमओटी या वार्षिक वाहन तपासणीच्या वेळी गाडी लिफ्टवर चढली की हा गैरसमज हमखास होतो.

सेन्सर एका १२ च्या बोल्टवर धरलेला असतो. तो सैल करण्याआधी सेन्सर आणि हेड या दोन्हींवर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवा, कारण सेन्सर फिरवला की इग्निशनचे टाइमिंग बदलते. दांड्याचे टोक एकाच प्रकारे बसते, त्यामुळे उलटे लागण्याची भीती नाही. ओ-रिंगची किंमत नगण्य आहे, खरी मेहनत तिथे हात पोचवण्याची आहे. नंतर सगळा भाग धुऊन कोरडा करा, काही दिवस चालवा, आणि तरीही तेल आले तरच सीलचा विचार करा. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटचा मागचा कोपराही त्याच वेळी बोट फिरवून पाहा.

मिशिगनमध्ये थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून एक आग्रहाची सूचना. छताचे पाणी सीटच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली जाते. त्या तुंबल्या की पाणी सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत उतरते आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून गंजतो. टर्बोवर पैसे घालण्याआधी तिथे बोटाने दाबून पाहा. पत्रा दबला तर आधी वेल्डिंग करा.

ह्युरॉनकाठ

दोघांचे मनापासून आभार. शनिवारी बसलो आणि दोन्ही गोष्टी तुम्ही म्हणालात तशाच निघाल्या.

नळी गाडीवर असताना निर्दोष दिसत होती. बाहेर काढून थ्रॉटलकडचा कोपरा वाकवला तेव्हा तळाच्या दुसऱ्या चुणीत अंगठ्याच्या पेराएवढी चीर उघडली. तिच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ती बरीच जुनी असावी. चिरेभोवती आतून धुळीची करडी रेघ होती. फिल्टरमधून न आलेली हवा तिथून जात होती याचा तो पुरावाच. सेन्सरची ओ-रिंग तर काढताना भाजलेल्या पापडासारखी मोडली. बारीक टोकदार पिकने तिचे तुकडे एकेक करून खाचेतून उकरावे लागले. सिलचा पत्रा टणक आहे, पाण्याच्या नळ्या साफ केल्या.

नवीन नळी घालून गाडी फिरवून आणली, आचके पूर्ण गेले. मात्र ताकद अजून अपेक्षेइतकी वाटत नाही. ठिणगीची वेळ दाखवणारा टाइमिंग लाइट लावला, पण त्याचे आकडे किती खरे मानावेत याबद्दल शंका आहे, कारण एका वेळी ६ अंश दिसते तर एका वेळी ९.

दहाचा पाना

आकडा फिरतो आहे कारण संगणक आयडल सांभाळण्यासाठी टाइमिंग सतत मागेपुढे करतो. बोनेटखालच्या डायग्नोसिसच्या काळ्या डबीत टीईएन आणि जीएनडी अशी दोन घरे आहेत. ती तारेच्या तुकड्याने जोडली की संगणक टाइमिंगला हात लावत नाही. इंजिन पूर्ण तापलेले, पंखा, दिवे आणि एसी बंद, मग पाहा. कंपनीचा आकडा टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या, आधी १० अंश आहे. पुष्कळ जण चांगले पेट्रोल वापरून तो १४ पर्यंत नेतात आणि खालच्या आरपीएमला फरक जाणवतो. तुम्हाला टर्बो लावायचा असल्याने १० वरच ठेवा.

बॅटरी डिक्कीत असल्यामुळे लाइटच्या वायरी पुरत नाहीत. पुढच्या मुख्य फ्यूज बॉक्समधला जाड धन जोड वापरा.

ओहायोकर

मी व्यवसायाने यांत्रिकी अभियंता आहे आणि या इंजिनाची क्रँक हाताळलेली आहे, म्हणून इथे थांबायला सांगतो. १० अंश दिसले तरी तो आकडा खरा आहे हे आधी सिद्ध करावे लागेल.

१९९० आणि १९९१ च्या पूर्वार्धातल्या १.६ इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकाची लांबी कमी आहे. टायमिंग बेल्टचे चक्र आणि पुलीचा हब या टोकावर एका चावीने (खाचेत बसणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्याने) बसतात आणि समोरचा बोल्ट त्यांना आवळून धरतो. भार खरे तर त्या आवळण्याने होणाऱ्या घर्षणाने पेलायचा असतो. चावी फक्त जागा ठरवण्यासाठी असते. बेल्ट बदलताना कुणी बोल्ट नीट आवळला नसेल, तर प्रत्येक धक्का चावीवर येतो, खाच हळूहळू रुंदावते आणि पुली डुलायला लागते. १९९१ च्या मध्यावर माझदाने हे टोक लांब केले. ओळखायची सोपी खूण म्हणजे पुलीच्या मधल्या भागावरच्या फटी. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर लांब.

आता मुद्द्याची गोष्ट. टाइमिंगची खूण पुलीवर आहे, पुली त्याच हबला चार बोल्टांनी जोडलेली आहे आणि सेन्सर कॅमवरून चालतो. खाच झिजून चक्र आणि हब क्रँकवर थोडे मागे सरकले, तर खूण, कॅम आणि ठिणगी ही तिघेही एकत्रच मागे सरकतात. टाइमिंग लाइट तुम्हाला १० अंश दाखवेल आणि पिस्टनच्या हिशेबाने ते ६ किंवा ७ असतील. ताकद कमी, आणि मोजमाप मात्र निर्दोष.

म्हणून पहिल्या सिलिंडरचा प्लग काढा, भोकात लाकडाची किंवा प्लास्टिकची लांब काडी उभी धरा आणि पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन घड्याळाच्या दिशेने हाताने फिरवा. पिस्टन वर येताना काडीची एक ठरावीक उंची आली की पुलीवर खडूने खूण करा, पुढे फिरवत राहा, पिस्टन खाली जाताना तीच उंची पुन्हा आली की दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. तो पुलीवरच्या टीडीसीच्या खुणेशी जुळला तर निश्चिंत व्हा. जुळला नाही तर पुली उतरवून खाच पाहा. इंजिन चालू असताना समोरून पुलीकडे बघणेही विसरू नका, डुलणारी पुली डोळ्यांना दिसते. सुदैवाने या इंजिनात बेल्ट तुटला किंवा सरकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत.

आखूड टोकाच्या बोल्टला १०८ ते ११८ न्यूटन मीटर टॉर्क आहे, लांब टोकाला १५७ ते १६७. आखूड टोकाला लांबचा आकडा लावू नका. बोल्ट दर वेळी नवा घ्या.

ह्युरॉनकाठ

पुलीवर चारच फटी आहेत. काडीच्या पद्धतीने मोजले. काही अंशांचा फरक आहे, खूण खऱ्या टीडीसीच्या मागे आहे. इंजिन चालू असताना मुलीने समोरून मोबाइलवर चित्रण केले. संथ करून पाहिले तर पुलीची कड किंचित आत-बाहेर होताना दिसते. मग रेडिएटर, बेल्ट आणि पुली उतरवली. चावीची एक बाजू दबून चकचकीत झाली आहे आणि खाचेच्या कडेला नखाला लागेल एवढी पायरी पडली आहे. आता पुढे काय करावे?

ओहायोकर

खाचेची पायरी नखाला लागण्याइतकीच असेल तर क्रँक बाहेर न काढता उपाय आहे. नवी चावी, नवा बोल्ट, आणि झिजलेल्या फटीत धातूची पोकळी भरणारे लॉकटाइट ६६०. सगळा भाग ब्रेक क्लीनरने तेलमुक्त करा, चावी तिच्या चांगल्या बाजूला टेकवून बसवा, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळा आणि पूर्ण सुकेपर्यंत इंजिनाला हात लावू नका. रस्त्यावरच्या, मूळ ताकदीच्या गाड्या या दुरुस्तीवर दीर्घकाळ चालतात.

टर्बोच्या भारासाठी मात्र मी या क्रँकवर विसंबणार नाही.

दहाचा पाना

ओहायोकरांशी शेवटच्या वाक्यावर मतभेद आहे. पुढच्या टोकावर कॅम, पाण्याचा पंप, अल्टरनेटर यांचा भार येतो. टर्बोची वाढीव ताकद फ्लायव्हीलकडून बाहेर जाते. दुरुस्ती नीट केली आणि दाब सहा-सात पीएसआयच्या आत ठेवला तर ती टिकते, अशा गाड्या मी चालवल्या आहेत.

ओहायोकर

भाराची दिशा तुम्ही बरोबर सांगता, पण टर्बोने क्रँकची पिळवटणारी कंपनेही वाढतात आणि ती मोकळ्या टोकालाच सर्वांत तीव्र असतात. झिजलेली खाच भरून घेतलेल्या टोकावर मला तो धोका पत्करावासा वाटत नाही. जिथे दोन हजार डॉलरचा संच लागणार आहे तिथे १९९४ ते १९९७ च्या मियाटाचे १.८ चे इंजिन घेणे शहाणपणाचे आहे. क्रँकचे टोक लांब, कॉम्प्रेशन ९.४ च्या जागी ९.०, मूळची १२८ अश्वशक्ती (१९९६-९७ ला १३३). ते त्याच माउंटवर बसते आणि तुमच्या गिअरबॉक्सला जोडते. फ्लायव्हील आणि क्लच १.८ चे घ्या, कारण १.६ ची क्लच प्लेट २०० मिलिमीटरची आहे आणि १.८ ची २१५ ची. शक्य झाले तर त्याच गाडीचा मागचा डिफरेन्शियलही घ्या. १.६ चा सहा इंची डिफरेन्शियल टर्बोच्या टॉर्कपुढे दात सोडतो.

डर्बीकर

कुठलेही इंजिन ठेवले तरी पाण्याच्या वाटेचा विचार करा. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांच्या गाड्यांसाठी आडवे बसवायला घडवले होते आणि तिथे पाणी गिअरबॉक्सच्या बाजूने बाहेर पडत असे. मियाटात ते उभे बसवताना थर्मोस्टॅट पुढे आणला गेला. पंपही पुढे, बाहेर पडायची वाटही पुढे, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरजवळ पाणी संथ फिरते. टर्बोच्या गाड्यांत चौथा पिस्टन आधी का जातो त्याचे हे एक कारण. थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेण्याचे संच मिळतात. इंजिन बाहेर असतानाच ते काम करा, गाडीत बसल्यावर फायरवॉलमुळे हात जात नाही.

कर्वेनगर

मी पुण्याहून वाचतो आहे. आमच्याकडे मियाटा नाही, पण माझ्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकच्या संगणकात नवा नकाशा, म्हणजे पेट्रोल, ठिणगी आणि दाबाचा तक्ता, भरून ताकद वाढवावी असा विचार आहे. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिला की तीही हलकासा धक्का देते. वरची चर्चा मला लागू होते का?

दहाचा पाना

तंतोतंत लागू होते. तुमच्या गाडीत ओबीडीला, म्हणजे दोष तपासायच्या सॉकेटला, जोडून नोंदी घेता येतात. पूर्ण जोरावर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचे माप), मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला टर्बोचा दाब, आणि प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरची गणना पाहा. एकाच सिलिंडरची गणना वाढत असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल, जागेवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. मागितलेला दाब मिळत नसेल तर इंटरकूलरच्या नळ्यांचे जोड तपासा. ही नोंद स्वच्छ आल्याशिवाय नकाशा भरू नका, कारण नवा नकाशा तोच दोष वाढीव दाबाखाली आणून ठेवतो. गिअरबॉक्स किती टॉर्कपर्यंतचा आहे तेही आधी शोधा.

कायद्याचेही लक्षात घ्या. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. विम्याचा प्रश्न त्यातूनच येतो. आमच्या कॅलिफोर्नियातही १९७६ पासूनच्या गाड्यांना धुराची तपासणी असते आणि टर्बोच्या संचावर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. ह्युरॉनकाठ यांच्या राज्यात अशी नियमित तपासणी नसली तरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे देशभर बेकायदा आहे.

ह्युरॉनकाठ

विचार करून ठरवले. १.६ ला लॉकटाइटची दुरुस्ती करून गाडी चालती ठेवली आहे. टाइमिंग खऱ्या टीडीसीवरून लावल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ती आता जशी ओढायला हवी तशी ओढते. शेजारच्या गावात मागून धडकलेली १९९५ ची गाडी मिळाली आहे. तिचे इंजिन, क्लच आणि डिफरेन्शियल घेतो आहे. थर्मोस्टॅट मागे नेण्याचे काम इंजिन स्टँडवर असतानाच करीन. टर्बो त्यानंतर. एकच प्रश्न उरतो, संगणकाचे काय करावे?

ओहायोकर

मूळ संगणकाला टर्बोचा दाब समजत नाही, म्हणून मेगास्क्वर्टसारखा प्रोग्राम करता येणारा संगणक घ्या आणि तो टर्बोच्या आधी, मूळ ताकदीवरच लावा. त्यासोबत मिश्रण नेमके मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हवाच. थंड सुरुवात, आयडल आणि संथ वेगाचे तक्ते दाबाशिवाय जुळवून घ्या, म्हणजे टर्बो लागल्यावर तुम्हाला फक्त वरच्या टप्प्यावर लक्ष द्यावे लागेल. दाबाखाली मिश्रण, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण, साडेअकरा ते बाराच्या दरम्यान ठेवा आणि टाइमिंग मागे घेऊनच सुरुवात करा. मूळ कनेक्टिंग रॉड चाकांपाशी सुमारे दोनशे अश्वशक्तीपर्यंत सुरक्षित मानले जातात. त्याच्या आत राहा.

आणि १९९५ च्या गाडीचे इंजिन स्टँडवर चढवण्याआधी त्याचे कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गाडीत असतानाच ते सोपे जाते, आणि चारही सिलिंडरांत मोठा फरक निघाला तर सौदा तिथेच थांबवता येईल.

ह्युरॉनकाठ

त्या गाडीची बॅटरी चांगली आहे, रविवारी गेज घेऊन जातो. आकडे इथेच लिहीन.